यादी भिंतीवरून उतरवा : शिकवणी वर्गांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
खासगी शिकवणी वर्गांचे संचालक आणि ‘इंटिग्रेटेड’ (कॉलेज आणि शिकवणी एकत्र चालवणाऱ्या) कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य
लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि जिथे जिथे रविवारची टेस्ट होते ती सगळी गावं

विषय : टेस्टच्या क्रमांकयाद्या, क्रमांकानुसार बॅच आणि क्रमांकानुसार बैठक बंद करण्याबाबत

सन्माननीय संचालक, सन्माननीय प्राचार्य,

रविवारी दुपारी टेस्टच्या ओएमआर उत्तरपत्रिका स्कॅन होतात, संध्याकाळी यादी तयार होते आणि रात्रीच्या जेवणाआधी ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊन पडते. पहिल्यापासून एकशेविसाव्यापर्यंत. नाव, आडनाव, गुण, क्रमांक. काही याद्यांत प्रवर्गाचा रकानासुद्धा. सोमवारी सकाळी तीच यादी जिन्याजवळच्या फलकावर लागते. नव्या बॅचच्या सूचनापत्रकात आता आणखी एक ओळ आली आहे : बाकावरची जागा मागच्या टेस्टच्या क्रमांकाप्रमाणे मिळेल. हे पत्र त्या ओळीमुळे लिहावं लागतंय.

आम्ही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित शिकवणारे, या टेस्टचे पेपर काढणारे शिक्षक आहोत. यादीतले आकडे आमच्याच प्रश्नांतून निघतात. त्या आकड्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे सांगायची जबाबदारीही मग आमचीच. मुलांनी मोठी स्वप्नं पाहू नयेत असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून उदगीरहून, किनवटहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलींची जिद्द आम्ही रोज पाहतो. आमची तक्रार एवढीच की ती जिद्द पुस्तकातून उचलून शेजारच्या बाकावर नेऊन ठेवायचं काम ही यादी करते.

आधी आकड्यांबद्दल, कारण यादीचा सगळा दरारा आकड्यांवर उभा आहे.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनच्या धर्तीचा पेपर घ्या : ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबरला ४, चुकीला वजा १. एका मुलाला ३५ प्रश्न पक्के येतात, २५ प्रश्नांत त्याची खात्री निम्मी आहे आणि १५ तो सोडून देतो. पक्क्या प्रश्नांचे १४० गुण झाले. अर्ध्या खात्रीच्या २५ पैकी १५ बरोबर आले तर आणखी ५० मिळतात, बेरीज १९०. दहाच बरोबर आले तर आणखी २५ मिळतात, बेरीज १६५. दोन्ही रविवारी मुलगा तोच, अभ्यास तोच, झोपही तितकीच. नुसत्या संभाव्यतेच्या हिशोबानं चार पेपरांपैकी तीनदा त्याचे गुण या १६५ ते १९० च्या पट्ट्यात पडतील आणि एकदा या पट्ट्याच्याही बाहेर जातील.

आता हा पट्टा यादीवर ठेवून बघा. १२० मुलांची बॅच, सरासरी १५०, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले आहेत याचं माप) ४५ धरलं तर १९० गुणांना क्रमांक येतो साधारण २२वा आणि १६५ गुणांना ४४वा. म्हणजे काहीही न बदलता एका मुलाचा क्रमांक बावीस जागा वर-खाली होऊ शकतो. बाकीच्या ११९ जणांचे गुणही असेच हलतात, तो गोंधळ आणखी वेगळा. तरी सोमवारी त्या मुलाला उभं करून विचारलं जातं, “बावीसवरून चव्वेचाळीस कसा झालास?” या प्रश्नाला त्याच्याकडे खरं उत्तर नसतं, कारण ते त्याच्या अभ्यासात नाहीच. मग तो स्वतःविषयी एखादं उत्तर बनवतो : मी आळशी आहे, माझ्यात ते नाहीच, मला जमणार नाही.

यादीचा सगळ्यात जास्त मार मधल्या मुलांना बसतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. याच बॅचमध्ये सरासरीच्या आसपास दर गुणामागे जवळपास एक मूल आहे. बरोबर आलेला एक प्रश्न चुकला की फरक पाच गुणांचा, म्हणजे पाच जागांचा. वरच्या टोकाला मुलं विरळ असतात, तिथे पाच गुणांनी फारसं काही हलत नाही. परिणामी पहिल्या पाचांना यादी स्थिर आणि न्याय्य वाटते. पन्नासाव्या ते सत्तराव्या मुलाला मात्र ती दर आठवड्याला उचलून आपटते. वर्गात संख्या मात्र या मधल्यांचीच जास्त.

हे फक्त आपल्या फलकापुरतं आहे असंही नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थी ७२० पैकी ७२० घेऊन पहिल्या क्रमांकावर होते. काहींना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांच्या मतानुसार सर्वोच्च न्यायालयात निश्चित झालं आणि ते ६७ चे १७ झाले. त्या एकाच प्रश्नामुळे चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. एकाही मुलाचं ज्ञान त्या दिवशी तसूभर कमी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी पेपर कठीण निघाला आणि ६८६ गुणांना देशात पहिला क्रमांक मिळाला. आदल्या वर्षी तेवढेच गुण मिळवणारं मूल हजारोंच्या मागे होतं. राष्ट्रीय परीक्षेत क्रमांक लावणं भाग आहे, कारण जागा मोजक्या आहेत. तुमच्या रविवारच्या टेस्टनं कोणती जागा वाटायची असते?

दुसरी गोष्ट. १२० मुलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी ७,२६० च येते. जूनमध्येही तेवढीच, मार्चमध्येही तेवढीच. सगळी बॅच रात्रंदिवस खपली, प्रत्येकाचे चाळीस-चाळीस गुण वाढले, तरी बेरीज तीच आणि सरासरी क्रमांक साडेसाठच. कितीही चांगलं शिकवा, कितीही मनापासून शिका, क्रमांकांत बॅचची प्रगती दिसूच शकत नाही. कुणीतरी खाली गेल्याशिवाय कुणालाही वर जाता येत नाही, अशीच या मोजपट्टीची घडण आहे. म्हणून मुलं नोट्स लपवतात. म्हणून एखादी मुलगी शंका विचारायच्या डाऊट काउंटरवर मैत्रिणीसमोर प्रश्न विचारत नाही. मैत्रिणीला ताप आला, ती टेस्टला बसली नाही आणि आपला क्रमांक एकानं सुधारला, यात त्या मुलीनं काय शिकायचं आणि आनंद तरी कशाचा मानायचा?

तुम्ही म्हणता, चुरस असली की मुलं अभ्यास करतात. वरची काही करतातही. पण अभिप्रायाच्या परिणामांवरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये घेतला, तेव्हा तिनातल्या एकाहून जास्त वेळा अभिप्रायानं कामगिरी उलट घसरलेली आढळली. अभिप्राय लक्ष कामावरून काढून ‘मी कसा आहे’ इथे नेतो, तेव्हा तो बाधतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. क्रमांक दुसरं काहीच करत नाही. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांचे तीन गट केले होते : एकाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. काम आणि गोडी दोन्ही वाढली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेली मुलं जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आमचा वर्गातला अनुभव हाच आहे. आकडा दिसला की खालचं लिहिलेलं कुणी वाचत नाही.

बॅच बदलण्याबद्दलही बोलायला हवं. दर दोन-तीन टेस्टनंतर ‘स्टार’ बॅचमधले शेवटचे दहा खाली आणि खालच्या बॅचमधले पहिले दहा वर. वर दाखवलेल्या चढ-उतारामुळे यातल्या बऱ्याच मुलांची बदली केवळ एका वाईट किंवा चांगल्या रविवारमुळे झालेली असते. पुढच्या टेस्टला ती आपोआप आपल्या सरासरीकडे सरकतात. खाली पाठवलेला सुधारतो, आपल्याला वाटतं ‘दणका बसला, कामाला लागला’. वर आणलेला घसरतो, आपल्याला वाटतं ‘डोक्यात हवा गेली’. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, आणि त्यांवर आपली वर्षानुवर्षांची शिस्त उभी आहे. नुकसान मात्र खरं असतं. वरची बॅच विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर पोचलेली असते, खालची अजून चुंबकत्वात. वर गेलेल्या मुलीचे मधले चार-पाच तास कायमचे बुडतात. खाली आलेल्याला तेच दोनदा ऐकावं लागतं. त्यात अनुभवी शिक्षक वरच्या बॅचला आणि नवे शिक्षक खालच्या. ज्या मुलांना मूळ संकल्पना पुन्हा समजावून हव्यात, त्यांच्याचसमोर सगळ्यात कमी अनुभवाचा शिक्षक उभा राहतो.

हे सगळं आम्हीच म्हणतो आहोत असं नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गाच्या अंतर्गत टेस्टचा निकाल जाहीर करू नये, तो गोपनीय ठेवून मुलाच्या प्रगतीच्या विश्लेषणासाठी वापरावा, गुणवत्तेनुसार बॅच वेगळ्या करू नयेत, साप्ताहिक सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, हे त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं : कामगिरीवरून बॅच पाडणं, चारचौघांत अपमान करणं आणि कुवतीबाहेरची लक्ष्यं देणं शक्य तितकं टाळावं. सीबीएसईनं २०२३ मध्ये निकोप नसलेली स्पर्धा टाळण्यासाठी गुणवत्ता यादी जाहीर केली नाही. आपल्या राज्य मंडळानं तर ती केव्हाच बंद केली. मंडळानं भिंतीवरून उतरवलेली यादी आपण दर रविवारी पुन्हा चिकटवतो आहोत.

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. या सगळ्याला यादी जबाबदार आहे असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. एवढ्या मोठ्या दुःखाचं कारण कधीच एक नसतं. पण सतरा वर्षांच्या मुलाची दर आठवड्याला चारचौघांत घसरण दाखवायची आणि त्यातून काहीच होणार नाही असं धरून चालायचं, हे आम्हाला यापुढे जमणार नाही.

यादी काढून टाकली तर तिच्या जागी काय, हा तुमचा रास्त प्रश्न. उत्तर खर्चिक नाही. शंभर पानी वही, लाल पेन आणि दर टेस्टनंतर चाळीस मिनिटं एवढंच लागतं.

टेस्टनंतर मुलाला गुण लगेच सांगू नका. आधी त्याची उत्तरं आणि उत्तरसूची द्या. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर त्यानं एक अक्षर लिहायचं. ‘स’ म्हणजे संकल्पनाच कळली नव्हती. ‘ग’ म्हणजे गणित चुकलं : चिन्ह, एकक, दशांश. ‘व’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही; ‘अयोग्य विधान ओळखा’ मधला ‘अयोग्य’ निसटला, त्रिज्येच्या जागी व्यास घेतला. ‘अं’ म्हणजे अंदाज. ‘वे’ म्हणजे येत होतं पण वेळ पुरला नाही. मग प्रत्येक अक्षराची मोजणी. चुकलेल्या १८ प्रश्नांत सात ‘ग’ आणि चार ‘व’ निघाले, तर त्या मुलाला नवा धडा वाचायची गरज नाही. कच्चं काम नीट मांडायची आणि प्रश्नातल्या अटी अधोरेखित करायची सवय हवी. हेच अकरा प्रश्न बरोबर आले तर ५५ गुणांचा फरक पडतो. ‘तू ४४वा आलास’ या वाक्यातून यातलं काहीही कळत नाही.

‘अं’ ची अक्षरं जास्त आली तर त्या मुलासमोर हिशोब मांडावा. चार पर्यायांत डोळे मिटून मारलेल्या अंदाजाची सरासरी किंमत पाव गुण. एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर साधारण दोन तृतीयांश, दोन खोडता आले तर दीड गुण. म्हणून दोन पर्याय खोडलेला प्रश्न सोडू नये. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नात मात्र खोडायला पर्यायच नसतात आणि चूक झाली की एक गुण जातो. तिथे हवेतला आकडा लिहू नये. भीतीनं सगळंच सोडणारी आणि चिडून सगळंच भरणारी, दोन्ही प्रकारची मुलं वर्गात असतात. क्रमांकाच्या धास्तीनं दोन्ही सवयी वाढतात.

चुकलेला प्रश्न त्याच दिवशी सोडवून ‘कळला’ म्हणणं फसवं असतं, उत्तर डोळ्यांसमोरच असतं. तो सात दिवसांनी आणि पुन्हा एकवीस दिवसांनी कोऱ्या कागदावर सोडवायचा, तारीख टाकायची. दोन्ही वेळा बरोबर आला की वहीत त्यावर रेघ. पान उलटताना वाढत जाणाऱ्या या रेघा मुलाला स्वतःलाच दिसतात.

पेपर काढणाऱ्यांचं काम थोडं वाढेल, ते आम्ही अंगावर घेतो. दर टेस्टमध्ये दहा प्रश्न आधीच्या पेपरांतले घालायचे, आकडे आणि मांडणी बदलून, काठिण्य तेवढंच ठेवून. या दहांचे गुण वेगळे नोंदवायचे. दर रविवारचा पेपर कमी-जास्त कठीण असतो, त्यामुळे १४० चे १६० झाले म्हणजे मूल सुधारलं की पेपर सोपा होता हे सांगता येत नाही. या दहा प्रश्नांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. परिभ्रमण गतीच्या या जुन्या प्रश्नांत जुलैमध्ये दहापैकी तीन येत होते, सप्टेंबरमध्ये सात येतात : हे कळण्यासाठी दुसऱ्या कुणाचे गुण पाहावे लागत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला जास्त मिळाले म्हणून ते कमीही होत नाही. रात्री शांतपणे झोपावं इतकं समाधान यात आहे, आणि सकाळी उरलेल्या तीन प्रश्नांकडे वळावं इतकी ओढही. महत्त्वाकांक्षा टिकायला मुलाला याहून वेगळं काही लागतं, असं आम्हाला वाटत नाही.

शिवाय एका टेस्टवरून काहीच ठरवू नका. सलग चार टेस्टची सरासरी घेतली की नशिबाचा चढ-उतार निम्म्यावर येतो.

‘पण खरी परीक्षा रँकचीच आहे ना?’ आहे. म्हणून मुलाला खऱ्या परीक्षेच्या रेषेपासूनचं अंतर दाखवा, शेजाऱ्यापासूनचं नको. वैद्यकीय प्रवेशात शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्याची प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या तीन वर्षांच्या याद्यांतून त्या मुलाच्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, ते तीन महाविद्यालयांसाठी काढून द्या : एक अवघड, एक आवाक्यातलं, एक जवळपास नक्की. गुणांऐवजी क्रमांक पाहा, कारण पेपरागणिक गुण बदलतात. सोबत बीएएमएस, पशुवैद्यक, बीएस्सी नर्सिंग, औषधनिर्माण यांची माहितीही त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत द्या. ‘नाहीतर मग’ या शीर्षकाखाली नको. हे संभाषण बंद खोलीत, मूल आणि पालक समोर बसवून, दोन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटं करा.

आणि पालक. ‘पालकच यादी मागतात’ हे खरं आहे, आम्हालाही फोन येतात. त्यांना आपल्या मुलाबद्दल कळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे. शेजाऱ्याच्या मुलीचे गुण कळणं हा हक्क नाही. प्रत्येक पालकाला फक्त स्वतःच्या मुलाचा कागद पाठवा : चार टेस्टची सरासरी, जुन्या दहा प्रश्नांतली प्रगती, चुकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेलं अक्षर आणि या आठवड्याचं एक काम. चार ओळी. ‘बाकीच्यांचं काय?’ असं विचारलं तर नम्रपणे सांगा की ते त्यांच्या पालकांना कळवलं आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. टेस्टचा निकाल फलकावर, गटावर किंवा ॲपवर सर्वांना दिसेल असा लावू नये. सध्याच्या याद्या काढाव्यात आणि प्रवर्गाचा रकाना आजपासूनच बंद व्हावा.

२. क्रमांकानुसार बैठकीची सूचना मागे घ्यावी. बाक दर सोमवारी एक ओळ पुढे सरकवावेत, म्हणजे प्रत्येकाला पुढचा बाक मिळेल.

३. वर्षाच्या मधे गुणांवरून बॅच बदलू नये. बॅच विषयाच्या आणि वेळेच्या सोयीनं असावी. जादा तास ज्या प्रकरणात अडचण आहे त्यासाठी ठेवावा, त्याला कुणीही येऊ शकावं आणि तो अनुभवी शिक्षकांनी घ्यावा.

४. चुकांच्या वहीची चाळीस मिनिटं वेळापत्रकात अधिकृतपणे धरावीत. घरी करायला सांगितलं की ते होत नाही.

५. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावताना त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी आणि त्यानं कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला हे तिथेच लिहावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. आमचं जास्तीचं म्हणणं एवढंच की परीक्षेला एकूण किती मुलं बसली होती, हा आकडाही तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा.

६. जिथून यादी उतरेल तिथे टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस समुपदेशक वर्गात उपलब्ध असावा, दार बंद करता येईल अशा खोलीत.

पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही, सत्र संपायची वाट पाहावी लागत नाही. येत्या रविवारचे पेपर आम्ही नेहमीसारखेच तपासून देऊ. प्रत्येक मुलाचा कागद वेगळा, घडी घालून, त्याच्या हातात देऊ. एकत्र यादी मात्र तयार करून देणार नाही.

आपले,
पेपर काढणारे आणि तपासणारे काही शिक्षक